हाताने घडवलेली सायकल : पैसे नेमके कशाचे?

एका माणसासाठी, एका कारागिराने, छोट्या कार्यशाळेत घडवलेल्या सायकलीची नुसती फ्रेमच अनेकदा कारखान्यातल्या चांगल्या, तयार सायकलीइतकी महाग असते. गिअर, ब्रेक, चाकं यांचा खर्च वेगळा. आणि हे सुटे भाग येतात त्याच शिमानो, स्रॅम किंवा काम्पान्योलो कंपन्यांकडून, जे कारखान्यातल्या सायकलींवरही बसवलेले असतात. चेन तीच, टायर तेच. मग जास्तीचे पैसे जातात कुठे, आणि ते मोजावेत का?

कुणी म्हणतं, ही निव्वळ पैसेवाल्यांची हौस. कुणी म्हणतं, एकदा बसून बघा, दुसरी सायकल हातात धरवणार नाही. मला दोन्ही पटत नाहीत. या सायकलींना खरंखुरं मोल आहे, मात्र लोक ते वेगात, हलकेपणात आणि स्टीलच्या कथित जादूत शोधतात, आणि तिथे ते फारसं सापडत नाही. कारागीर तुमचं शरीर आणि तुमचा वापर समोर ठेवून जे निर्णय घेतो, त्याचे हे पैसे आहेत. असे निर्णय तुम्हाला लागतात की नाही, यावर उत्तर अवलंबून आहे.

‘हाताने’ म्हणजे काय?

आधी एक गैरसमज दूर करू. कार्बनची फ्रेम यंत्रातून आपोआप तयार होऊन बाहेर पडते असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात राळ लावलेल्या कार्बन फायबरच्या कापडाचे शेकडो लहान तुकडे माणसं हातानेच ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या कोनात एकावर एक बसवतात. मग साचा बंद करून तो तापवला जातो. तैवान आणि चीनमधल्या मोठ्या कारखान्यांत हे काम करणाऱ्यांचा हात कमालीचा बसलेला असतो. लंडनमध्ये बनणारी ब्रॉम्प्टन ही घडीची सायकल हजारोंच्या संख्येने विकली जाते, पण तिच्या स्टीलच्या फ्रेमचे सांधे कारागीरच ब्रेझिंगने, म्हणजे नळ्या न वितळवता त्यांच्यामध्ये दुसरा धातू वितळवून, जोडतात आणि आपण जोडलेल्या भागावर प्रत्येकजण स्वतःची खूण उमटवतो.

त्यामुळे ‘हँडमेड’ या एका शब्दावरून काहीच कळत नाही. कारखान्यातही हात माणसाचेच असतात, पण तिथे नळ्यांची लांबी, त्यांची जाडी, कोन हे सगळं काम सुरू होण्याच्या कितीतरी आधी ठरून गेलेलं असतं. पाच-सहा मापांत जगातल्या जास्तीत जास्त शरीरांची सोय लावायची असते. आणि बहुतेकांची ती लागतेही, हे मान्य करायला हवं. छोट्या कार्यशाळेत हेच निर्णय तुमची ऑर्डर आल्यावर होतात. मी या लेखात ‘हाताने घडवलेली’ म्हणतोय ती ही, एका माणसासाठी मापून बनवलेली सायकल.

नळीपासून फ्रेमपर्यंत

जॉन केम्प स्टार्ली यांची रोव्हर सायकल १८८५ साली आली. जवळपास सारखी दोन चाकं, आणि मागचं चाक चेनने फिरणारं. त्यानंतर थोड्याच वर्षांत दोन त्रिकोणांची फ्रेम रुळली आणि आजतागायत टिकली. पुढची मोठी सुधारणा नळ्यांमध्ये झाली. फ्रेम हलकी करायची तर नळी पातळ हवी, पण पातळ नळी सांध्यापाशी टिकत नाही, कारण सगळा ताण तिथेच येतो आणि जोडताना उष्णताही तिथेच लागते. बर्मिंगहॅममध्ये खिळे बनवणाऱ्या घराण्यातल्या आल्फ्रेड रेनॉल्ड्स यांनी १८९७ मध्ये यावरच्या उपायाचं पेटंट घेतलं. नळीचा बाहेरचा व्यास सगळीकडे सारखाच ठेवायचा, पण आतून ती टोकांना जाड आणि मधे पातळ करायची. अशा नळीला ‘बटेड’ नळी म्हणतात. १९३५ मध्ये याच कंपनीची ५३१ ही मँगनीज-मॉलिब्डेनम स्टीलची नळी आली आणि पुढची कित्येक दशकं शर्यतीच्या सायकली तिच्यावर चालल्या. आज चांगली स्टीलची नळी टोकांना ०.८ मिमी आणि मधे ०.५ मिमी, किंवा त्याहूनही पातळ असते.

इतक्या पातळ नळ्या जोडायच्या हे सगळ्यात नाजूक काम. एका नळीचं टोक दुसरीच्या गोलाईवर चपखल बसेल असं कापायचं आणि कानशीने घासत घासत उजेडासमोर धरून बघायचं. फटीतून प्रकाश दिसला तर पुन्हा घासायचं. मग त्या टोकांवर ‘लग’ नावाची स्टीलची टोपणं चढवायची. नळी आणि लग यांच्यातली फट मिमीच्या दहाव्या भागाच्या आसपास असावी लागते. जास्त असली तर भराव नीट ओढला जात नाही, कमी असली तर आत शिरत नाही. सांध्यावर फ्लक्स (तापताना धातूला हवेपासून जपणारा लेप) लावून ज्योत फिरवायला लागलं की फ्लक्स आधी फुगतो, पांढरा होतो, मग वितळून काचेसारखा पारदर्शक होतो. धातू पुरेसा तापून लाल दिसू लागला की लगच्या एका कडेला पितळेची किंवा चांदीमिश्रित धातूची कांडी टेकवायची. वितळलेला धातू केशाकर्षणाने आत ओढला जातो आणि क्षणार्धात समोरच्या कडेला चकाकणारी बारीक रेघ उमटते. सांधा आतून पूर्ण भरला याची बाहेरून दिसणारी खूण तेवढीच.

इथे उष्णतेचं भान सुटलं तर सगळंच बिघडतं. पितळेसाठी ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवावं लागतं, चांदीमिश्रित धातूला ६०० ते ७०० अंश पुरतात. काही नळ्यांना आधीच उष्णता देऊन मजबूत केलेलं असतं आणि त्या जास्त तापल्या की ती मजबुती जाते. रेनॉल्ड्सची ७५३ ही नळी अशीच होती, म्हणून ती मागणाऱ्या कारागिराला आधी नमुन्याचा सांधा करून कंपनीकडे तपासायला पाठवावा लागे. टायटॅनियमचं काम याहून कडक शिस्तीचं. तापलेलं टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन शोषून ठिसूळ होतं, त्यामुळे वेल्डिंग करताना नळीच्या बाहेरून आणि आतूनही आर्गॉन वायू सोडत राहावा लागतो. वेल्ड चंदेरी राहिला तर काम चोख. निळसर किंवा पांढरट दिसला तर हवा आत शिरली.

याशिवाय फ्रेम सरळ आहे का ते सपाट तक्त्यावर तपासणं, आटे पाडणं, कडा समतल करणं, गंज लागू नये म्हणून आतून लेप देणं आणि रंग. एका फ्रेमला साधारण आठवडाभराचं काम सहज लागतं, नक्षीदार लग आणि अनेक थरांचा रंग असेल तर कितीतरी जास्त. किमतीतला धातूचा वाटा छोटा. बाकी किंमत वेळेची, जागेच्या भाड्याची, विम्याची, आणि एकेक वस्तू बनवताना घाऊक उत्पादनाचा फायदा मिळत नाही त्याची. हा धंदा करून गडगंज झालेले कारागीर फार नाहीत. म्हणूनच या सायकली ‘लुटतात’ असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. किंमत वाजवी असते. ती तुमच्यासाठी वाजवी आहे का, हा वेगळा प्रश्न.

जोरात जाते का?

नाही. निदान हाताने घडवली म्हणून तरी नाही.

सपाट रस्त्यावर ताशी ३० किमी वेगाने जाताना तुमच्या ताकदीचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग हवा कापण्यात जातो, आणि त्या हवेला अडवणारं मुख्य अंग म्हणजे तुमचं शरीर, सायकल नव्हे. उरलेला बराचसा भाग टायर खातात. फ्रेम कुणी जोडली याला या हिशेबात जागाच नाही.

एका तासात जास्तीत जास्त अंतर कापण्याच्या विक्रमाचा इतिहास हेच सांगतो. १९७२ मध्ये बेल्जियमचे सायकलपटू एडी मर्क्स यांनी मेक्सिको सिटीत ४९.४३१ किमी अंतर कापलं, इटलीचे कारागीर एर्नेस्तो कोल्नागो यांनी घडवलेल्या, सहा किलोंहूनही हलक्या सायकलीवर. हस्तकौशल्याचा तो कळस होता. पुढे १९९६ मध्ये ब्रिटनच्या ख्रिस बोर्डमन यांनी हात पुढे ताणून, अंग जवळजवळ आडवं ठेवून ५६.३७५ किमीचा पल्ला गाठला. नंतर जागतिक सायकलिंग संघटनेने नियम बदलले आणि विक्रमासाठी मर्क्स यांच्यासारखी साधी सायकल व तशीच बैठक सक्तीची केली. त्या नियमांखाली २००० साली बोर्डमन पुन्हा उतरले आणि त्यांचं अंतर भरलं ४९.४४१ किमी, मर्क्स यांच्यापेक्षा फक्त १० मीटर जास्त. मधल्या चार वर्षांत वय वाढलं हे धरूनही, जवळपास सात किमीचा हा फरक मुख्यतः हवेचा आणि बसण्याच्या पद्धतीचा.

याच विक्रमाच्या इतिहासात हाताने घडवलेल्या सायकलीच्या बाजूचा सर्वांत जोरदार पुरावाही आहे. १९९३ मध्ये स्कॉटलंडच्या ग्रेम ओब्री यांनी स्वतः बनवलेल्या सायकलीवर, जिच्यात कपडे धुण्याच्या यंत्रातली बेअरिंगं वापरली होती, ५१.५९६ किमी अंतर कापून विक्रम केला. हात छातीखाली दुमडून बसण्याची त्यांची पद्धत कुठल्याही तयार सायकलीवर जमणारी नव्हती. आठवड्याभरात बोर्डमन यांनी तो विक्रम मोडला, पण मुद्दा त्याने बदलत नाही. हाताने बनवल्यामुळे ओब्री यांना वेगळी बैठक शक्य झाली, आणि वेग त्या बैठकीतून आला.

आता वजन. तुम्ही आणि सायकल मिळून ८५ किलो असाल तर फ्रेममधून एक किलो कमी करणं म्हणजे एकूण वजनाच्या सव्वा टक्क्याहूनही कमी. तासभर चालणाऱ्या घाटाच्या चढावर त्याने साधारण ४० सेकंद वाचतील. शर्यत असेल तर हा फरक मोठा आहे, एरवी तो जाणवणारही नाही. आणि वजनच हवं असेल तर कारखान्यातली कार्बन फ्रेम स्टीलच्या हस्तनिर्मित फ्रेमपेक्षा हलकीही असते आणि बहुतेकदा स्वस्तही.

टायरचं गणित मात्र करून बघाच. साध्या, जाड आवरणाच्या टायरचा घर्षणांक ०.००८ आणि चांगल्या लवचिक टायरचा ०.००४ धरला, तर ८५ किलो वजनाला ताशी २५ किमी वेगाने तब्बल २० वॅटांहून जास्त फरक पडतो. सावकाश चालवणारा माणूस मुळात १०० ते १५० वॅट ताकद लावतो. म्हणजे पाचव्या-सहाव्या हिश्श्याची मेहनत नुसते टायर बदलून वाचू शकते.

‘स्टील जिवंत असतं’ या म्हणण्यात किती तथ्य?

स्टीलची फ्रेम रस्त्याचे धक्के गिळते, अ‍ॅल्युमिनियमची हाडं खिळखिळी करते, असं वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. धातू म्हणून पाहिलं तर स्टील अ‍ॅल्युमिनियमच्या सुमारे तिप्पट ताठ आणि वजनालाही सुमारे तिप्पट. टायटॅनियम दोन्ही बाबतींत मधे. ताठपणा आणि वजन यांचं गुणोत्तर तिन्हींचं जवळजवळ सारखंच. मग फरक कशाने पडतो? नळीच्या आकाराने. पातळ भिंतीच्या नळीचा ताठपणा व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. भिंतीची जाडी तीच ठेवून व्यास २८.६ मिमीवरून ३१.८ मिमीवर नेला तर वजन ११ टक्क्यांनी वाढतं, पण ताठपणा ३७ टक्क्यांच्या आसपास. अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या जाडजूड ठेवल्या जातात, म्हणून त्या फ्रेम ताठ लागतात.

वर-खाली धक्के शोषण्याच्या बाबतीत तर दोन त्रिकोणांची कुठलीही फ्रेम फारशी वाकतच नाही. टायर त्याच धक्क्याला कितीतरी जास्त दबतो, सीटपोस्ट आणि सीटही वाकतात. रुंद टायर आणि त्यात थोडी कमी हवा याने जो आराम मिळतो तो धातू बदलून मिळत नाही.

तरीही या विषयात कारागिराला हात दाखवायला जागा आहे. ५० किलोच्या आणि १०० किलोच्या माणसासाठी कारखाना एकाच मापाच्या फ्रेममध्ये त्याच नळ्या घालतो, आणि सुरक्षिततेसाठी त्या जड माणसाच्या हिशेबानेच निवडतो. हलक्या माणसाला त्यामुळे गरजेपेक्षा ताठ, निर्विकार फ्रेम मिळते. समोर माणूस उभा असेल तर कारागीर त्याच्यासाठी बारीक, पातळ नळी निवडू शकतो, आणि वजनदार माणसासाठी उलट. हा फरक पॅडल मारताना कळतो. लोक ज्याला स्टीलचा जिवंतपणा म्हणतात त्यातला बराच भाग या निवडीतून येतो असं मला वाटतं.

मापाचं मोल

या लेखात कशावर सर्वांत जास्त भर द्यायचा तर यावर. सायकल अंगाला बसणं म्हणजे सीट वर-खाली करणं एवढंच नसतं. पॅडलच्या क्रँकचा मध्य धरून सीट किती मागे, हँडल किती पुढे आणि किती वर, या तीन गोष्टींवर गुडघे, पाठ, मान आणि तळहात यांचं सुखदुःख ठरतं. मध्यम उंचीच्या, सर्वसाधारण बांध्याच्या माणसासाठी कारखान्यांनी हे गणित उत्तम सोडवलं आहे. सीटची जागा, स्टेमची (हँडल धरणाऱ्या आडव्या तुकड्याची) लांबी, हँडलची उंची थोडी हलवली की काम भागतं. या माणसाने मापाची फ्रेम करून घेतली तर हाती येणारी मापं बहुधा तयार फ्रेमच्या जवळपासच असतील.

अडचण येते ती टोकाच्या उंचीच्या माणसांना, आणि सर्वांत जास्त बुटक्या माणसांना. त्यातही स्त्रिया अधिक. लहान फ्रेमवरही कारखाना बहुतेकदा तेच ‘७०० सी’ मापाचं नेहमीचं मोठं चाक बसवतो, ज्याची त्रिज्या टायरसकट ३४० मिमीच्या आसपास असते. फ्रेम आखूड केली की पुढचं चाक पायाच्या जवळ येतं आणि वळताना बुटाचं टोक चाकाला घासतं. गर्दीत सावकाश वळताना हे धोक्याचं आहे. ते टाळायला कारखाना दोन युक्त्या करतो. पुढचा चिमटा (पुढचं चाक धरणारा फाटा) जास्त तिरपा ठेवतो, त्यामुळे हँडल सुस्त होतं. आणि सीटची नळी जास्त उभी करतो, त्यामुळे वरची नळी कागदावर आखूड दिसते. ही दुसरी युक्ती फसवी आहे. सीटची नळी एक अंश उभी केली की सीट साधारण १२ मिमी पुढे येते. पायांच्या सोयीसाठी ती पुन्हा मागे सरकवावी लागते आणि हँडल जिथल्या तिथे लांबच राहतं. मापांच्या तक्त्यावर ‘लहान’ असलेली सायकल चालवताना मात्र अंग ताणावं लागतं. मग मान आखडते, हाताला मुंग्या येतात, आणि सायकल चालवणाऱ्याला वाटतं की दोष आपल्याच शरीरात आहे. हे फार वाईट आहे.

यावर खरा उपाय म्हणजे चाक लहान करणं. जॉर्जिना टेरी यांनी १९८५ मध्ये स्त्रियांसाठी सायकलींची कंपनी काढली तेव्हा त्यांच्या सायकलींना पुढे २४ इंची चाक होतं. त्रिज्येत ५० मिमीहून जास्त जागा मोकळी झाली आणि फ्रेम खरोखर आखूड करता आली. आज छोट्या कार्यशाळा हेच लहान चाकांवर करून देतात. उंची पाच फुटांच्या आसपास किंवा साडेसहा फुटांच्या पुढे असेल, पाय आणि धड यांचं प्रमाण खूप वेगळं असेल, एका पायाची लांबी कमी असेल, जुन्या दुखापतीमुळे पाठ वाकत नसेल, तर मापाची सायकल ही चैन नाही. अशा माणसाने इतर कुठे काटकसर करून हा खर्च केला तर मी त्याला शहाणाच म्हणेन.

दुसरं कारण वापराचं. हँडल ज्या अक्षाभोवती वळतं त्याची रेषा खाली वाढवली तर जमिनीला कुठे भेटते आणि टायर जमिनीला कुठे टेकतो यातल्या अंतराला ‘ट्रेल’ म्हणतात. शर्यतीच्या सायकलीत ते साधारण ५५ ते ६० मिमी असतं आणि रिकाम्या सायकलीला ते छान मानवतं. पण हँडलपुढे जड बॅग लावून दिवसभर लांबचा प्रवास करायचा असेल तर ३० ते ४० मिमी ट्रेलची सायकल जास्त सरळ, शांत चालते. अशी तयार फ्रेम शोधायला जा, फार थोड्या मिळतील. मडगार्डला नेमकी जागा, कॅरिअर बसवायच्या जागा फ्रेमलाच जोडलेल्या, डायनॅमोची वायर नळीच्या आतून, या गोष्टी वापरणाऱ्याला रोज उपयोगी पडतात. पॅरिस परिसरातल्या रने एर्स आणि आलेक्स सिंगर यांच्या कार्यशाळांचं नाव अशाच कामाने झालं. तिथे सायकल, दिवे, मडगार्ड, कॅरिअर हे सगळं एकत्र विचार करून घडवलं जाई.

जपानमधल्या केइरिन या धावपट्टीवरच्या सायकल शर्यतीत तर हाताने घडवलेली फ्रेम हे रोजच्या कामाचं हत्यार आहे. १९४८ मध्ये कोकुरा इथे सुरू झालेल्या या शर्यतींवर पैज लागते, म्हणून सामग्री सगळ्यांची सारखी असावी असा कडक नियम आहे. पुरुषांच्या नेहमीच्या शर्यतीत मान्यताप्राप्त कारागिरांनी बनवलेल्या स्टीलच्याच फ्रेम चालतात. साहित्य सारखं असल्यावर फरक उरतो तो मापाचा, आणि खेळाडू आपल्या शरीराप्रमाणे, आपल्या डावपेचांप्रमाणे फ्रेम करून घेतात. १९७७ ते १९८६ अशी सलग दहा वर्षं व्यावसायिक स्प्रिंटचं जगज्जेतेपद मिळवणारे कोइची नाकानो हे योशिआकी नागासावा यांच्या फ्रेम वापरत. नागासावा यांनी हे काम इटलीत, तिथले फ्रेम-कारागीर उगो दे रोसा यांच्याही हाताखाली शिकून घेतलं होतं.

टिकाऊपणा, आणि एक कमकुवत बाजू

स्टीलची चांगली फ्रेम दुरुस्त होते हा तिचा मोठा गुण. वाकलेली नळी कापून नवी बसवता येते, मागचे फाटे नव्या हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) रुंदीला ओढून घेता येतात, तुटलेला सांधा पुन्हा जोडता येतो. आणखी एक बारीक पण कामाची गोष्ट म्हणजे क्रँक जिथे फिरतो ती बीबी. गेल्या काही दशकांत कारखान्यांनी दाबून बसवायच्या बीबीचे इतके प्रकार काढले की त्यांतले काही कुरकुरतात आणि काहींचे भाग पुढे मिळतील का याचीच शंका असते. छोटे कारागीर बहुतांशी आट्यांची बीबी वापरतात. ६८ मिमी रुंदीची जुनी इंग्लिश आट्यांची बीबी आजही सहज मिळते, साध्या पान्याने निघते आणि साध्या पान्याने बसते.

दुसरी बाजू या सायकलींचे चाहते सहसा सांगत नाहीत. मोठा कारखाना एका मॉडेलच्या काही फ्रेम मुद्दाम मोडेपर्यंत तपासतो. आयएसओ ४२१० या मानकात पॅडल मारण्याचा जोर फ्रेमवर एक लाख वेळा देऊन पाहण्याची चाचणी आहे. एकुलत्या एक फ्रेमवर अशी चाचणी करता येत नाही, कारण चाचणीत गेलेली फ्रेम ग्राहकाला देता येणार नाही. तिथे भरवसा असतो तो कारागिराच्या अनुभवाचा. वीस वर्षं फ्रेम करणाऱ्याच्या बाबतीत हा भरवसा सार्थ असतो. नुकतंच काम शिकून दुकान थाटलेल्याकडून पहिल्या काही फ्रेमपैकी एक घेणार असाल तर जोखीम तुमच्या पदरात आहे. वॉरंटीचंही तसंच. ती देणारा माणूस एकटा असतो आणि तो कधीतरी थांबणार असतो.

आणि सौंदर्य? लगची टोकं कानशीने निमुळती केलेली, रंगाच्या रेघा हाताने ओढलेल्या, नाव कुणाचं हे माहीत असलेली वस्तू. तिच्यासाठी पैसे मोजणं मला मुळीच गैर वाटत नाही. चांगलं काम करणारे हात टिकावेत म्हणून कुणीतरी ते काम विकत घ्यायला हवंच. फक्त आपण सौंदर्यासाठी पैसे देतो आहोत हे स्वतःशी स्पष्ट असावं. ‘हिच्याने माझा वेग वाढेल’ असं समजून घेतलेली सायकल हमखास निराश करते.

आधी चाकं

हस्तकौशल्याचा फायदा सगळ्यात कमी पैशांत कुठे मिळतो असं कुणी विचारलं तर मी चाकांकडे बोट दाखवेन. चाकाचा परीघ २.१ मीटर धरला तर १००० किमीमध्ये ते सुमारे पावणेपाच लाख वेळा फिरतं. प्रत्येक फेऱ्यात एकेक स्पोक खाली आला की त्याचा ताण कमी होतो आणि वर जाताना पुन्हा भरतो. स्पोक पुरेसे आवळलेले नसतील तर ते दरवेळी सैल पडून पुन्हा ताणले जातात आणि हबपाशी, जिथे ते वाकवलेले असतात, तिथे थकून तुटतात. यंत्रावर घाईने बांधलेल्या स्वस्त चाकांत हा ताण बरेचदा कमी आणि असमान असतो. काही महिन्यांत चाकाला आउट येतो, म्हणजे ते वाकडं फिरू लागतं, दुकानात आउट काढून घेतला तरी तो परत येतो.

चांगला कारागीर एकेक स्पोक छेडून आवाज ऐकतो. एका बाजूच्या सगळ्या स्पोकांचा सूर जवळपास सारखा लागायला हवा. मग तो समांतर स्पोकांच्या जोड्या मुठीत धरून जोराने आवळतो. त्याने वाकवलेल्या जागी साठलेला ताण मोकळा होतो आणि स्पोक हबवर नीट बसतात. नंतर पुन्हा आउट काढतो, पुन्हा आवळतो. मधल्या भागात बारीक केलेले ३२ किंवा ३६ स्पोक, चांगला हब, साधी मजबूत रिम, आणि हे काही तास. हस्तनिर्मित फ्रेमच्या किमतीच्या छोट्या हिश्श्यात असं चाक मिळतं, तुमच्या आताच्याच सायकलीला बसतं आणि वर्षानुवर्षं आउट येत नाही.

म्हणून पैसे हातात असतील तर मी ते या क्रमाने खर्च करेन : टायर, मग जाणकाराकडून आपल्या शरीराची मापं आणि बैठक तपासून घेणं, मग चाकं. बैठक तपासताना तयार फ्रेमवर काही केल्या जमत नाही असं दिसलं तर मापाच्या फ्रेमचा विचार. तिथे पोहोचलात की कारागिराकडे जाऊन आधी त्याचे प्रश्न ऐका. कुठे चालवता, किती वजन नेता, कुठे दुखतं, आताच्या सायकलीत काय आवडतं, हे न विचारता रंगाचा तक्ता पुढे करणारा असेल तर परत फिरा. त्याने बनवलेल्या आणि निदान पाच-सात वर्षं वापरात असलेल्या सायकली बघायला मागा. किती महिने लागतील, आगाऊ रक्कम किती, काम अर्धवट राहिलं तर काय, हे लिहून घ्या. आणि फ्रेम हातात येईल तेव्हा तिच्या मापांचा कागदही मागून घ्या. नळ्यांची नावं आणि जाडी, कोन, चिमट्याचं माप, बीबीचे आटे, मागच्या हबची रुंदी हे सगळं त्यावर असावं. पुढे कधी नळी बदलायची वेळ आली आणि तो कारागीर तेव्हा काम करत नसला, तर दुसऱ्याला हाच कागद लागेल.